जपानीतलं 'मस्ट' डोक्यात बसत नाहीये (नाकेरेबा नारानाइ वगैरे)

अर्धवट_जपानी
मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन४ (जेएलपीटी ह्या जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी) आहे, पुण्यातच देतोय, आणि मी एकाच जागी अडकलोय. 'करायला पाहिजे' हे जपानीत कसं म्हणायचं? साधी गोष्ट आहे ना? तर क्लासमध्ये पहिल्यांदा शिकवलं 'नाकेरेबा नारिमासेन्', ते कसंबसं पाठ केलं, मग एका अ‍ॅपवर 'नाकेरेबा इकेमासेन्' दिसलं, मग 'नाकुतेवा इकेनाइ', मग 'नाइतो इकेनाइ', आणि परवा एका सिरियलमध्ये हिरोईन बॅग उचलून नुसतं 'काएरानाक्या' म्हणाली आणि निघून गेली. खाली सबटायटल होतं की मला घरी जायलाच हवं. अरे पण 'पाहिजे' कुठाय त्यात??

कुसुरि ओ नोमानाकेरेबा नारिमासेन्. औषध घ्यावं लागतं. (गोळी असली तरी जपानीत औषध 'पितात', तो वेगळा धागा होईल.) एवढंस्सं सांगायला एवढं लांबलचक शेपूट? हिंदीत 'पड़ता है' म्हणून मोकळं होता येतं, इंग्रजीत तर 'मस्ट', एका घासात काम. प्रश्न दोन: (१) हे सगळे एकच की वेगळे, (२) लक्षात कसं ठेवायचं. पाठ करून झालंय, राहात नाही. 'बेकि'बद्दल तर अजून विचारलंच नाहीये.

तर्री_जास्त
वाखू (वाचनखूण साठवली). मीपण इथेच अडकलो होतो आणि मग भाषाच सोडली, त्यामुळे माझा उपयोग शून्य.

निशिकासाईकर
अहो, तुमची गडबड ही आहे की तुम्ही 'मस्ट' शोधताय. जपानीत 'मस्ट' नाहीच. असं एक क्रियापदच नाही. त्यांनी ते दोन नकार जोडून तयार केलंय आणि गंमत म्हणजे आपण मराठीत दिवसभर तेच करतो, फक्त शाळेत कोणी सांगितलं नाही.

'शितेवा इकेनाइ' घ्या. शिते म्हणजे करून. वा म्हणजे साधारण 'तर'. इकेनाइ हे 'इकु' म्हणजे 'जाणे' ह्याच्यापासून आलेलं, मूळ अर्थ 'जाता येत नाही'. आता हे मराठीत म्हणून बघा: असं करून चालणार नाही. शब्दाला शब्द! ते 'जाता येत नाही' म्हणतात आणि आपण 'चालत नाही' म्हणतो, दोघांनाही पायच आठवले. आता ह्याच्यात नकार घाला, 'शिनाकुतेवा इकेनाइ', म्हणजे न करून चालणार नाही. झालं की तुमचं 'करायलाच पाहिजे'.

परवानगी पण तशीच. 'शितेमो इइ', केलं तरी चालेल. तो 'मो' म्हणजे आपला 'तरी'. 'शिनाकुतेमो इइ', नाही केलं तरी चालेल. चारही खणांचा तक्ता मराठीत 'चालणे' वर उभा राहतो. मी टोकियोत आलो तेव्हा पहिले सहा महिने इंग्रजीतून विचार करून जपानी बोलत होतो आणि तोंडाला फेस यायचा. एक दिवस आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली 'अरे न जेवून कसं चालेल' आणि माझी ट्यूब पेटली, मी तिला म्हटलं आई तू आत्ता जपानी बोललीस. ती म्हणाली जेव आधी.

बटाटेवडा_इन_क्योतो
+१००. आणि नारानाइ = 'होत नाही'. नारु म्हणजे होणे. 'इकानाकेरेबा नारानाइ' = गेल्याशिवाय व्हायचं नाही. माझी आजी (सातारा साइड) अगदी असंच बोलायची, 'त्याला भेटल्याबिगर व्हायचं न्हाई'.

अर्धवट_जपानी
आयला!! न जाऊन चालणार नाही. हे डोक्यात बसलं एकदम. पण मग नारानाइ आणि इकेनाइ मध्ये फरक काय, का कुठलंही टाकलं तरी चालेल (बघा वापरलं)?

शेंगोळे
मी जपानी शिकवते, म्हणून जरा लांब लिहिते, माफ करा.

आधी जोडणी. क्रियापदाचं 'नाइ' रूप घ्या. इकानाइ, नोमानाइ, ताबेनाइ, शिनाइ. हा 'नाइ' वागतो 'इ' वाल्या विशेषणासारखा, त्यामुळे 'जर' लावताना त्याचा 'नाकेरे+बा' होतो. म्हणजे नाकेरेबा हा काही नवा प्रत्यय नाही, 'नसेल तर' एवढाच अर्थ. त्याच नाइचं '-ऊन' रूप 'नाकुते', त्याला वा लागला की नाकुतेवा. तिसरा 'नाइतो', नाइला 'तो' म्हणजे 'की', 'नाही केलं की'. मागचा अर्धा भाग तीन प्रकारचा आणि पुढचा अर्धा तीन प्रकारचा, नारानाइ, इकेनाइ आणि बोलण्यात दामे (तेही 'चालणार नाही'च). म्हणून तुम्हाला दहा वेगळी ग्रामर वाटतायत ती प्रत्यक्षात तीन आणि तीन तुकडे आहेत. सगळ्या जोड्या सारख्या चालतात असं नाही, नाइतो नारानाइ असं कोणी म्हणत नाही, नाइतो ला इकेनाइ किंवा दामे. एवढं सांभाळा.

आता फरक. नारानाइ हे बाहेरून आलेलं बंधन, कायदा, नियम, रीत, सगळ्यांना लागू. लिहिण्यात जास्त. इकेनाइ हे ह्या वेळचं, ह्या माणसाचं, बोलण्यातलं. उद्या लवकर उठायचंय तर इकेनाइ. नागरिकांनी अमुक केलं पाहिजे तर नारानाइ. पण ही काही लक्ष्मणरेषा नाही. बोलताना नारानाइ ऐकू येतं, एन४ ला तर दोन्हींचा अर्थ सारखाच धरतात, त्यामुळे परीक्षेसाठी झोप उडवून घेऊ नका.

आणि ती हिरोईन. नाकेरेबा चा बोलताना 'नाक्या' होतो, नाकुतेवा चा 'नाकुच्या'. मग पुढचं नारानाइ-इकेनाइ गळूनच पडतं. काएरानाक्या म्हणजे 'न परतलं तर…' आणि पुढचं समोरच्याने समजून घ्यायचं. 'काएरानाइतो' पण तसंच. आपण नाही का, पाहुण्यांकडे बसलेलो असताना गुडघ्यावर हात ठेवून 'चला… नाहीतर परत उशीर…' असं म्हणतो, वाक्य कोणी पुरं करत नाही, घरातली बाई चहा टाकते :)

ओसाका_खाऊगल्ली
ताई, टोकियोवाल्यांचं झालं, आता आमचंही ऐका. इकडे इकेनाइ नाही, 'आकान्'. इकाना आकान्, सेना आकान् (शिनाइ नाही, 'सेना'). सुपरमार्केटमधल्या काकूंपासून आमच्या बॉसपर्यंत सगळे. आकान् चं मूळ म्हणे 'राचि गा आकानु' ह्या वाक्प्रचारात आहे, म्हणजे गाडं पुढे सरकत नाही अशा अर्थाचं. म्हणजे परत तेच बघा, जाणं नाही, होणं नाही, सरकणं नाही. सगळी भाषा ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखी.

पुस्तक शिकून ओसाकात उतरलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटायचं लोक सतत 'अकाउन्ट' म्हणतायत.

अर्धवट_जपानी
हाहा. बरं आज क्लासमध्ये झालेला किस्सा. वाक्य बनवायचं होतं, मी म्हटलं बस आता यायला पाहिजे, 'बासु वा मो किनाकेरेबा नारिमासेन्'. सेन्सेई आधी गप्प, मग हसल्या, मग म्हणाल्या की बसचं कर्तव्य आहे का ते. मला अजून कळलं नाही काय चुकलं.

शेंगोळे
दोन चुका आहेत, एक मी आत्ता सांगत नाही, नंतर बघू. दुसरी मराठी माणसाची खास चूक आहे, माझ्या प्रत्येक बॅचला होते. आपला 'पाहिजे' आणि 'हवा' दोन कामं करतो. 'तू अभ्यास केला पाहिजेस' ह्यात बंधन आहे. 'बस आता यायला पाहिजे' ह्यात बंधन नाही, अंदाज आहे, टाइमटेबलवरून काढलेला. जपानीत ह्याला 'हाझु'. बासु वा मो कुरु हाझु देसु. 'तो एव्हाना घरी असायला हवा', हाझु. 'पोचायला हवं होतं एव्हाना, पोचला नाही', हाझु नानोनि. तुम्ही नाकेरेबा वापरलंत की ती बस नियम मोडणारी अपराधी होते.

आणि 'मला पाणी पाहिजे' मधला पाहिजे तिसराच, तो होशी. एकाच शब्दात एवढं भरून ठेवणारी आपली भाषा, जपानी ती पिशवी उलटी करून प्रत्येक वस्तू वेगळ्या खणात ठेवते.

जुनी_पोथी
अवांतर: पाहिजे हा मुळात 'पाहणे' चाच जुना कर्मणी रूपातला शब्द आहे, ज्ञानेश्वरीतलं कीजे, बोलिजे आहे ना त्या जातीचा. पाहिजे = पाहिलं जातं, म्हणजे ज्याची वाट पाहिली जाते, शोधलं जातं. म्हणजे आपणही 'मस्ट' असं काही आणलेलं नाही, बघण्यावरूनच भागवलं. आणि 'लागणे' तर चिकटणे. करावं लागतं, म्हणजे करणं येऊन चिकटतं.

निशिकासाईकर
वा वा पोथीकाका, हे माहीत नव्हतं.

कॉर्पोरेट_कोळी
मी जरा वेगळं सांगतो, कारण माझी ह्यावरून वाट लागली होती. कंपनीचं नाव घेत नाही. पुण्यातून जपानी क्लायंटला मी मेल लिहितो. आज संध्याकाळपर्यंत त्यांचं उत्तर हवं होतं, नाहीतर रिलीज अडकणार. मी लिहिलं 'क्यो-ज्यू नि हेन्जि शिनाकेरेबा नारिमासेन्'. ग्रामर चोख, स्वतःवर खूष, चहा प्यायला गेलो. संध्याकाळ झाली, उत्तर नाही. रात्र झाली, नाही. सकाळी तिकडून मेल, की तुमच्या उत्तराची वाट बघत होतो, काल देणार होता ना?

कारण मी कर्ता लिहिलाच नव्हता! जपानीत कर्ता गाळतात हे शिकलो आणि गाळला. पण कर्ता गाळलेल्या अशा वाक्यात बंधन साधारण बोलणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. त्यांनी वाचलं 'आम्हाला आज उत्तर द्यायचंय'. दोन्ही ऑफिसं एकमेकांची वाट बघत बसली.

तर मी आमच्या सिनियरना म्हटलं, मग पुढच्या वेळी 'ओक्याकुसामा वा' (ग्राहक महोदयांनी) लिहू का सुरुवातीला, त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणे ते तर अजून वाईट, क्लायंटला 'तुम्ही केलंच पाहिजे' असं सांगतोस? त्यांनी लिहून दिलं 'क्यो-ज्यू नि गोहेन्शिन् इतादाकेमासुतो साइवाइ देसु'. आज तुमचं उत्तर मिळालं तर आनंद होईल. बास. ह्यात सक्ती कुठेच नाही आणि तरी वाचणाऱ्याला बरोब्बर कळतं की आज दिलंच पाहिजे. तेव्हापासून माझा नियम, नाकेरेबा स्वतःसाठी आणि कायद्यासाठी. समोरच्या माणसाला, त्यातून वरच्याला, कधी नाही.

बटाटेवडा_इन_क्योतो
हे खरंय. बॉसला 'बेकि' तर अजिबात नाही. बेकि म्हणजे 'करावं, करणं योग्य', सल्ल्याचा आवाज आहे त्यात, वरून खाली येणारा. मित्राला म्हणा, स्वतःला म्हणा, 'मोत्तो बेन्क्यो सुरु बेकि दात्ता', जास्त अभ्यास करायला हवा होता. (सुबेकि आणि सुरु बेकि दोन्ही बरोबर, परीक्षेत गोंधळू नका.) जुन्या 'बेशि' चं उरलेलं रूप आहे ते, म्हणून आपल्या 'करावे' सारखा थोडा पुस्तकी वास येतो. त्याचा नकार 'बेकाराझु' अजून पाट्यांवर दिसतो, आत शिरू नये.

निशिकासाईकर
कायद्याचा विषय निघालाच आहे तर, इथे घर बदललं की नव्या वॉर्ड ऑफिसात १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं, तिथल्या माहितीपत्रकावर 'तोदोकेदेनाकेरेबा नारानाइ' छाप वाक्यं भरलेली असतात. राज्यघटनेतही तेच, १२ व्या कलमात, लोकांनी हे हक्क अखंड प्रयत्नांनी टिकवून ठेवले पाहिजेत, 'होजि शिनाकेरेबा नारानाइ'. ती घटना ३ मे १९४७ ला लागू झाली. म्हणजे सिरियलमधली मुलगी अर्ध्यात सोडते तेच शेपूट घटनेत पूर्ण छापलंय.

पण माझं सगळ्यात लाडकं वाक्य सायकलच्या हेल्मेटचं. १ एप्रिल २०२३ पासून सगळ्याच सायकलवाल्यांना लागू झालं. कायद्यात आहे, 'हेरुमेत्तो ओ काबुरु यो त्सुतोमेनाकेरेबा नारानाइ'. नीट वाचा. हेल्मेट घातलंच पाहिजे असं म्हटलेलं नाही. हेल्मेट घालण्याचा *प्रयत्न* केलाच पाहिजे! त्सुतोमेरु म्हणजे प्रयत्न करणे. ह्याला 'दोर्योकु गिमु' म्हणतात, प्रयत्नाचं बंधन. दंड नाही. मी स्टेशनपर्यंत सायकलवर जातो, आजूबाजूला अर्ध्या लोकांच्या डोक्यावर काही नसतं, मनातल्या मनात प्रयत्न चालू असणार. पुण्यात हेल्मेटसक्तीला हे शब्द वापरले असते तर एवढे मोर्चे निघाले नसते.

तर्री_जास्त
पुणेकर म्हणाले असते आम्ही प्रयत्न केला, बसत नाही. पगडी आडवी येते.

कोपऱ्यातला_मी
सगळे इतके खूष आहात म्हणून जरा खडा टाकतो. मराठीवरून जपानी हे एका मर्यादेपर्यंतच. तीन ठिकाणी दगा देतं.

एक, 'नको'. 'उद्या यायला नको' म्हणजे यायची गरज नाही, की यायचं नाही? आपण आवाजावरून ओळखतो. जपानीत आधी ठरवा, कोनाकुतेमो इइ की कितेवा इकेनाइ. आणि त्यातही गंमत, 'आशिता कारा कोनाकुते इइ', उद्यापासून नाही आलात तरी चालेल, हे बॉस म्हणाला तर खूष होऊ नका, नोकरी गेलेली असते.

दोन, 'मला'. मला जावं लागतं म्हणून लोक 'वाताशि नि' (मला) करतात. ते चूक, तिथे 'वाताशि वा' (मी). 'मी गेलं पाहिजे' हे वाक्य डोक्यात धरा, 'मला' वालं नको.

तीन, 'भाग पडणे' आणि 'प्रश्नच येत नाही' ह्यांच्यासाठी नाकेरेबा पुरत नाही. तिथे वेगळी हत्यारं आहेत, एन३-एन२ ह्या वरच्या पातळ्यांची. मनाविरुद्ध, परिस्थितीमुळे, तर 'झारु ओ एनाइ'. पाऊस इतका की मॅच रद्द करणं भाग पडलं, च्यूशि सेझारु ओ एनाइ. (सुरु चं 'सेझारु', शिझारु नाही, इथे सगळे पडतात.) दुसरा रस्ताच नाही तर 'शिका नाइ', यारु शिका नाइ, करण्यावाचून गत्यंतर नाही. आणि सगळ्यात जपानी म्हणजे 'वाके निवा इकानाइ'. गाडी घेऊन आलोय, पिणं शक्यच नाही, नोमु वाके निवा इकानाइ. तब्येतीला चालतं, मनात पण आहे, पण जनरीत, जबाबदारी, चारचौघं. ह्याचं उलटं, इकानाइ वाके निवा इकानाइ, सासऱ्यांच्या एकसष्ठीला न जाऊन चालेल का. तीन नकारांसारखं ऐकू येतं, आहेत दोनच.

निशिकासाईकर
कोपऱ्यातल्या, दगा म्हणालास आणि शेवटचं उदाहरण परत 'न जाऊन चालेल का' नेच दिलंस :) आणि त्या इकानाइ मध्येही तोच 'इकु' आहे.

कोपऱ्यातला_मी
…ते आहे. बरं. दोन मुद्दे मागे घेत नाही मात्र.

ओसाका_खाऊगल्ली
ह्या सगळ्यात ऑफिसातलं 'गिरि', म्हणजे जनरीतीचं बंधन, राहिलं. १४ फेब्रुवारीला बायका ऑफिसातल्या पुरुषांना चॉकलेट देतात, त्यातलं मनापासूनचं वेगळं आणि उपचाराचं वेगळं, उपचाराच्याला नावच आहे, गिरि-चोको. गिमु कागदावर असतो, गिरि डोळ्यात असतो. आमच्या शेजारच्या टेबलवर एकीने मला दिलं तेव्हा मी दोन दिवस हवेत होतो, मग बघितलं तर प्रिंटरवाल्यालाही तेच पाकीट.

अर्धवट_जपानी
धाग्याचं चीज झालं. मी रात्री बसून पाच वाक्यं केली, ताई तपासा.
१. औषध घ्यावं लागतं: कुसुरि ओ नोमानाकेरेबा नारिमासेन्.
२. बूट काढले नाहीत तरी चालेल: कुत्सु ओ नुगानाकुतेमो इइ देसु.
३. इथे फोटो काढून चालणार नाही: कोको दे शाशिन् ओ तोत्तेवा इकेमासेन्.
४. ट्रेन आता यायला पाहिजे: देन्शा वा मो कुरु हाझु देसु.
५. मित्राला मेसेज, 'उद्या पण यायला हवं मला': आशिता मो किनाक्या.
शेवटचा खरंच पाठवला, जपानी मित्राला, त्याने उत्तर दिलं 'नानि ओ?' म्हणजे काय? असं का विचारलं असेल?

शेंगोळे
पहिली चार चोख, दुसऱ्यात नुगानाकुतेमो बघून बरं वाटलं. पाचवी हीच ती बसवाली दुसरी चूक, जी मी तेव्हा राखून ठेवली होती. 'कुरु' वाकडं क्रियापद आहे. येतो ला किमासु, येऊन ला किते, पण नकारात 'को' होतं, कोनाइ, कोनाकेरेबा, कोनाक्या. 'किनाइ' हे 'किरु' चं, म्हणजे कपडे घालणे. तुम्ही मित्राला कळवलंत की उद्या पण घालायला हवं. तो बिचारा विचारतोय काय घालणार.